टाकावरचा चेहरा झिजून गेला. नवा करावा का?

कृष्णाकाठची

वाईचं घर विकायचं ठरलं आणि देवघर पुण्याला आणायचं काम माझ्याकडे आलं. शंख-घंटा सोडून नऊ देव. रांगता बाळकृष्ण, माझ्या माहेरून आलेली अन्नपूर्णा, एक शाळिग्राम, शंकराचा एक बाण आणि पाच टाक, म्हणजे देवांचे चेहरे उठवलेल्या चांदीच्या चकत्या. घर बदलतंय तर टाक उजळून घ्यावेत म्हणून सोनाराकडे दिले. त्याने दोन टाक बाजूला काढले आणि म्हणाला, "वहिनी, यांच्यावर काहीच उरलेलं नाही. नवे करून देऊ? हीच चांदी आटवून त्यात घालतो."

एक जोगेश्वरीचा, एक खंडोबाचा. म्हणजे आम्हाला माहीत आहे म्हणून. नवख्या माणसाला दोन गुळगुळीत चकत्या दिसतील. घोडा नाही, खड्ग नाही, नाकडोळे नाहीत. चार-पाच पिढ्यांनी चिंच आणि रांगोळी लावून घासले, त्यात सत्तावीस वर्षं माझेही हात आहेत. मी "विचारून सांगते" म्हणून टाक परत घेऊन आले.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. लहानपणापासून ऐकत आलो की देव निर्गुण निराकार आहे, चराचरात आहे. मग चेहरा गेला तर बिघडलं काय? आणि काहीच बिघडत नसेल, तर कुणीतरी मुळात तो चेहरा घडवला कशासाठी? धाकटे दीर म्हणतात नवे करू. सासूबाई (आम्ही आईच म्हणतो) चौऱ्याऐंशीच्या आहेत, दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसतं. त्या अजून काही बोललेल्या नाहीत.

तुमच्याकडे असं काही झालंय का? आणि त्या मोठ्या प्रश्नाबद्दलही मनापासून लिहा.

दगडफूल

नवे करा. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये असं आमच्या आजीने शिकवलंय.

दर्भासन

दगडफूल, खंडित आणि जीर्ण यांत फरक आहे. हात तुटला, डोकं उडालं, तडा जाऊन दोन तुकडे झाले तर ती भंगलेली मूर्ती. इथे पूजा करता करता झीज झालेली आहे. मी पौरोहित्य करतो. माझ्या यजमानांकडे असे गुळगुळीत टाक कितीतरी घरांत आहेत आणि त्यांची रोज पूजा होते.

तरी बदलायचेच असतील तर त्याचीही रीत आहे. जीर्णोद्धारात जुन्या मूर्तीतलं तत्त्व आधी मंत्रांनी पाण्याच्या कलशात घेतात आणि मग नव्या मूर्तीत स्थापन करतात. मधला काही वेळ देव फक्त पाण्यात असतो, कुठलाही आकार नसलेल्या पाण्यात. तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

दुसरं. तुमच्याच देवघरातला बाण आणि शाळिग्राम बघा. पंचायतनात, म्हणजे पाच देवांच्या पूजेत, विष्णू म्हणजे गंडकीतला शाळिग्राम, शंकर म्हणजे नर्मदेतला बाण, गणपती म्हणजे शोण नदीतला तांबूस दगड, देवी म्हणजे सुवर्णमुखीतला धातूची झाक असलेला दगड आणि सूर्य म्हणजे स्फटिक. पाचही देवांना नाकडोळे नाहीत. शाळिग्रामाला आणि बाणाला तर प्राणप्रतिष्ठाही लागत नाही. नदीने घासून दिलेला दगड चालतो, मग चार पिढ्यांच्या हातांनी घासलेली चांदी का चालू नये?

चिंचगुळ

रांगोळीने घासणं आधी बंद करा! रांगोळी म्हणजे दगडाची पूड. चांदी जाणारच. रिठ्याचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

कृष्णाकाठची

दर्भासन, "नदीने घासून दिलेला" हे फारच आवडलं. चिंचगुळ, आता रिठाच वापरते.

पेणची_माती

आमचा गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासून. त्यामुळे या धाग्यावर मला राहवलं नाही.

शाडूचा गोळा साच्यात दाबला, जोड पुसले, वाळला, रंग झाला तरी आमच्यासाठी ती मातीच असते. आम्ही तिला उचलतो, आडवी करतो, कोपऱ्यात सरकवतो. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. ती माझे काका करायचे. सकाळी अंघोळ करून बसायचे, त्या वेळी कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. बाहुलीचा ठिपका पडला की पोरं आपसूक मागे सरकायची. शास्त्राने तोवर देव आलेला नसतो, तो चतुर्थीला घरी प्राणप्रतिष्ठेनंतर येतो. पण डोळे उघडले की हात बदलतो. मग तीच मूर्ती आम्ही दोन हातांनी उचलतो.

एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, जरा हसरा गणपती द्या. काका म्हणाले, "घरी न्या, हसेल." पुढल्या वर्षी त्या बाई पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हसला!

मला म्हणायचंय ते एवढंच की डोळा देवाला लागत नाही, आपल्याला लागतो. कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटल्याशिवाय माणूस बोलत नाही.

उंबरठा

सगळे फार गोड लिहिताय, पण मी वेगळं लिहिणार आहे.

देव चराचरात आहे हे ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांच्याच समाजाने चोखोबांना विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर उभं केलं. समाधीही पायरीशीच आहे, आत नाही. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षं तो चालला आणि तरी दार उघडलं नाही. पंढरपूरचं दार उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे स्वातंत्र्य दारात आलं तरी विठोबाचं दार बंद होतं.

निराकाराला कुलूप लावता येत नाही. मूर्तीला लावता येतं. मूर्ती आली की गाभारा आला, गाभारा आला की किल्ली आली आणि किल्ली आली की ती कुणाच्या कमरेला हा प्रश्न आला. माझ्या पणजोबांनी देऊळ बाहेरूनच पाहिलं. माझ्या घरात देवघर नाही. त्यामुळे टाकाच्या चेहऱ्याबद्दल वाचताना मला वेगळंच आठवतं. राग नाही, पण हे लिहिल्याशिवाय चर्चा पुरी होत नाही.

दगडफूल

उंबरठा, हे वाचून गप्प झालो. बरं झालं लिहिलंत.

वारीतला

उंबरठा यांच्या बोलण्यातलं एकही वाक्य खोडता येणार नाही. मी एकोणीस वर्षं वारी करतो आणि दर वेळी चोखोबांच्या समाधीशी आधी डोकं टेकतो. पुढे नामदेव पायरी. या दोघांना ओलांडून विठ्ठलाकडे जाताच येत नाही, ही वारकऱ्यांनी स्वतःला लावून घेतलेली शिस्त आहे असं मी समजतो. झालेल्याची भरपाई त्याने होत नाही, हेही खरं.

पण चोखोबांनी दाराबाहेर राहून विठ्ठल सोडला नाही, हेही त्यांच्या अभंगांतच आहे. त्यांचं भांडण दारवानांशी होतं. विठ्ठलाशीही ते भांडले, पण आपल्या माणसाशी भांडावं तसे.

मूळ प्रश्नाकडे येतो. तुकोबांच्या एका अभंगाची सुरुवात अशी आहे: "केला मातीचा पशुपति । परि मातीसि काय म्हणती ॥" पुढे ते सांगतात की शिवाची पूजा शिवाला पोहोचते आणि माती मातीत मिळून जाते. मग दगडाच्या विष्णूचं तेच, पूजा विष्णूला आणि दगड दगडच राहतो. चारशे वर्षांपूर्वी देहूत बसून या माणसाने तुमच्या सोनाराला उत्तर देऊन ठेवलंय!

आता माझा अनुभव. एका आषाढीला चौदा तास रांगेत होतो. पायावर डोकं ठेवायला मिळालं ते दोन सेकंद. चेहरा बघायलाच मिळाला नाही, मागून लोटलं गेलं. बाहेर आल्यावर कळलं की मला आठवत होता तो फक्त कपाळाला लागलेला गार दगड. विठ्ठलाच्या पायांची झीज इतकी झाली की मूर्तीवर आजवर अनेकदा वज्रलेप, म्हणजे झीज थांबवणारा लेप, करावा लागला. तुमचा टाक आणि आमचा विठोबा एकाच कारणाने झिजलेत, ताई.

उंबरठा

वारीतला, तुमच्या उत्तरात प्रामाणिकपणा आहे म्हणून पुन्हा लिहितो. चोखोबा भांडले हे मान्य. पण जोतीरावांनी दुसरा रस्ता दाखवला. त्यांनी देवाला "निर्मिक" म्हटलं आणि १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. निर्माता आणि त्याची लेकरं यांच्यात दलाल नको, हे त्यांचं म्हणणं. मला तो रस्ता जवळचा वाटतो. त्यात झिजायला काही नाही आणि अडवायलाही काही नाही.

कोरा_कागद

निर्मिकाचा उल्लेख आला म्हणून. त्याच काळातला मुंबईचा प्रार्थना समाजही (१८६७) मूर्ती मानत नव्हता. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर अशी मंडळी. पण गंमत बघा, उपासनेत ते तुकोबांचे अभंग म्हणत. समोर मूर्ती नाही आणि ओठांवर ज्याचं नाव तो विटेवर उभा.

माझ्या मते मूर्ती ही अंकलिपी आहे. अक्षर आलं की ती बाजूला ठेवायची. गीतेच्या बाराव्या अध्यायातही अव्यक्ताची उपासना देहधाऱ्यांना जास्त कष्टाची म्हटली आहे. म्हणजे मूर्ती ही सोय आहे, सोपी वाट आहे. तुमच्या टाकाने स्वतःहूनच तुम्हाला पुढच्या इयत्तेत घातलंय.

वारीतला

कोरा कागद, इथे मात्र माझा जोरदार विरोध. अंकलिपी म्हटलं की मूर्तिपूजक कायमचा पहिलीत आणि निर्गुणवाला कायम पदवीधर. नामदेवांचं काय करायचं मग? विठोबाला जेवायला घालणारा तोच मुलगा पुढे पंजाबात गेला, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यांतली कितीतरी निर्गुणाची आहेत. त्यांनी विठ्ठल सोडून निर्गुण धरलं असं मला दिसत नाही. दोन्ही एकाच तोंडातून आलं. ज्ञानदेवही "तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे" असं विचारून दोन्ही एकच गोविंद आहे म्हणतात. शिडी असती तर वरची पायरी गाठल्यावर खालची विसरले असते.

औंढ्याचा

नामदेवांचा विषय निघाला आणि औंढा नागनाथचं नाव नाही असं कसं चालेल! आमच्या गावची कथा आहे ही. नामदेव गुरूच्या शोधात आले तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, जिथे पिंड नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. जिथे ठेवावेत तिथे पिंड.

लहानपणी आमची आजी ही गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायची, "म्हणून कुठंबी थुंकू नगं." मला सर्वव्यापी या शब्दाचा अर्थ असा कळला.

चिंचगुळ

आजीला नमस्कार. हे प्रत्येक बसस्टँडवर लिहायला हवं.

रोयण

गोव्याहून लिहितेय. माझं टोपणनाव बघून ओळखलं असेल. आमच्याकडे सातेरी म्हणजे वारूळ. कोकणीत वारुळाला रोयण म्हणतात. कितीतरी सातेरीच्या देवळांत आत मातीचं वारूळच देवी आहे. पुढे मुखवटा आला, साडी आली, पण मागे वारूळ आहे हे सगळ्यांना माहीत असतं. कुणी घडवलेलं नाही, मुंग्या-वाळवीने उभारलेलं. आणि ते वाढतं! माझ्या सासरच्या देवळात "देवी वाढली" असं खरोखर म्हणतात.

दुसरी गोष्ट. आमच्या चुलत घरात चवथीला मातीचा गणपती आणत नाहीत. कागदावर काढलेला गणपती पुजतात. काही घरांत पत्रीचा. घरोघरी कारण एकच सांगतात, पोर्तुगिजांच्या काळात मूर्ती सापडली तर जिवावर बेतायचं, कागद पटकन लपवता यायचा. १५६० च्या सुमारास मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून रातोरात नदीपलीकडे प्रियोळला नेलं, तेव्हाचा तो काळ. आता भीती संपून किती काळ लोटला, पण त्या घराने कागद सोडला नाही. काकी म्हणते, ज्याने वाईट दिवसांत साथ दिली त्याला चांगल्या दिवसांत बदलायचं?

कृष्णाकाठची ताई, तुमच्या टाकाबद्दल मला अगदी हेच वाटतं.

कृष्णाकाठची

रोयण, काकींचं वाक्य वाचून डोळे भरून आले. दिरांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पण माझ्या घरात माझी मुलं ओळखणार कसा खंडोबा?" हाही प्रश्न खरा आहे. त्यांची मुलं दहा आणि सहा वर्षांची आहेत.

हरिपूर_घाट

मी सांगलीकडचा जैन. आमच्यातली एक गोष्ट तुम्हाला आवडेल.

तीर्थंकरांच्या मूर्ती सगळ्यांनी पाहिल्या असतील. पण सिद्ध म्हणजे देह सोडून पूर्ण मुक्त झालेला आत्मा. त्याला शरीरच नाही, मग मूर्ती कशी करणार? तर धातूच्या पत्र्यातून उभ्या माणसाचा आकार कापून काढून टाकतात. उरतो तो भोवतालचा पत्रा आणि मध्ये माणसाच्या आकाराची पोकळी. तीच सिद्धप्रतिमा. तिच्यातून आरपार दिसतं.

लहानपणी मंदिरात मी त्या पोकळीतून पलीकडची समई बघत बसायचो. वडील म्हणाले होते, "जे कापून काढलंय त्याला नमस्कार करायचा." अजूनही मला याहून सोपं सांगता येत नाही.

पेणची_माती

हरिपूर घाट, मूर्तिकार म्हणून सांगतो, हे वाचून उठून उभा राहिलो. न घडवता घडवलेली मूर्ती.

खाडीपलीकडे

मी दापोलीकडचा कोकणी मुसलमान. लिहू की नको असं झालं होतं, पण धागा चांगल्या मनाने चाललाय म्हणून लिहितो.

आमच्याकडे चित्र नाही, मूर्ती नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मशिदीत समोरच्या भिंतीत एक मेहराब असतो, कमानीचा कोनाडा. त्यात काहीही ठेवलेलं नसतं. तो फक्त सांगतो की काबा या बाजूला. कुराणात म्हटलंय की पूर्व आणि पश्चिम अल्लाहचीच, तुम्ही जिकडे तोंड कराल तिकडे तोच आहे. तरीही नमाजला आम्ही सगळे एकाच दिशेला उभे राहतो. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, सगळीकडे आहे तर तिकडेच का? ते मासळीचं जाळं विणत होते. म्हणाले, "जाळं सगळ्या समुद्रात टाकता येतं का? एका जागी टाकावं लागतं."

मला मूर्ती पटत नाही, ती माझी श्रद्धा नाही. पण माणसाला एक जागा लागते, हे मला समजतं. आमची जागा रिकामी ठेवलेली आहे, एवढंच.

दर्भासन

खाडीपलीकडे, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुमचा रिकामा कोनाडा वाचून चिदंबरम आठवलं. तिथे नटराजाशेजारी पडदा आहे. तो बाजूला केला की भिंतीवर सोन्याच्या बेलपानांच्या माळा आणि बाकी काही नाही. तेच आकाशलिंग. जगातली इतकी देखणी नटराजमूर्ती शेजारी असताना पुजारी तुम्हाला मुद्दाम रिकामी जागा दाखवतात. मी ते बघून दिवसभर बोललो नव्हतो.

लेणीवेडा

थोडी दगडातली भर घालतो.

अजिंठ्याला कधी गेलात तर १० नंबरचं लेणं आणि २६ नंबरचं लेणं एकापाठोपाठ बघा. १० नंबर इसवी सनापूर्वीचं. आत नुसता स्तूप, गोल, उजाड. बुद्ध कुठेच घडवलेला नाही. सांचीतही तेच, रिकामं आसन, बोधिवृक्ष, पावलं. सुरुवातीच्या त्या शतकांत बुद्ध दाखवायचा तो जागा रिकामी ठेवून. २६ नंबर पाचव्या शतकातलं. तिथे त्याच स्तूपाच्या पोटातून बुद्ध बाहेर येऊन बसलाय आणि डाव्या भिंतीवर भलंमोठं महापरिनिर्वाण. दोन्ही लेण्यांमधलं अंतर चालत काही मिनिटांचं, काळाचं पाच-सहाशे वर्षांचं.

म्हणजे अंकलिपीचं गणित इथे उलटं पडतं, कोरा कागद! आधी निराकार, मग चेहरा. लोकांनी चेहरा मागितला.

घारापुरीला तर दोन्ही एकाच छपराखाली. दक्षिण भिंतीवर साडेपाच मीटर उंच सदाशिव, तीन मुखं, डोळे मिटलेले. सगळे पर्यटक तिथेच थांबतात. पण पूजेची जागा ती नाही. गाभारा बाजूला आहे, चार दिशांना चार दारं, आत साधं गुळगुळीत लिंग. चेहऱ्याचा देव बघायचा आणि बिनचेहऱ्याच्या देवापुढे वाकायचं, अशी ती रचना मला वाटते. उंबरठा यांच्या मुद्द्यावरही विचार आला, चारही दारं उघडी असलेला गाभारा कुणीतरी दीड हजार वर्षांपूर्वी कल्पिला होता.

उंबरठा

लेणीवेडा, चार दारं बघायला जाईन. दारांवर मोठमोठे द्वारपाल आहेत हेही मला माहीत आहे. :) पण जाईन नक्की.

कोरा_कागद

लेणीवेडा आणि वारीतला, अंकलिपी मागे घेतो. क्रम इतका सरळ नाही हे पटलं. तरी माझ्यापुरती वाट बिनमूर्तीचीच आहे.

बर्फातली_तुळस

आम्ही कॅनडात. पहिल्या वर्षी सत्यनारायण घातला तेव्हा लक्षात आलं की पूजेला सुपाऱ्याच आणल्या नाहीत. गणपती सुपारीचा, नवग्रह सुपाऱ्यांचे. बाहेर उणे वीस. आईला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "बदाम आहेत ना? मांड." दहा बदाम मांडले. आमचा चार वर्षांचा मुलगा प्रत्येकाला नमस्कार करत "हा शुक्र, हा शनी" म्हणत गेला. पूजा झाल्यावर नवऱ्याने सवयीने वाटीतला एक बदाम उचलला तर मुलगा ओरडला, "बाबा, तो गुरू आहे!"

तेव्हा मला आवाहन-विसर्जनाचा अर्थ लागला. अक्षता वाहून "पुन्हा या" म्हटलं, विसर्जन केलं, आणि मग मुलगा स्वतःच म्हणाला, आता बदाम. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

सोलापुरी_कडक

आमच्याकडे देवघरच गळ्यात असतं. लिंगायत आहे मी. इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, समोर धरायचं आणि एकटक बघायचं. काळं, गुळगुळीत, ना मुख ना हात. बसवण्णांनी बाराव्या शतकात सांगितलं की श्रीमंत देऊळ बांधतील, माझा देहच देऊळ. बाईलाही तेच लिंग, पुरुषालाही तेच. उंबरठा, यात किल्ली नाही, निदान मुळात नव्हती. नंतर आम्हीही मठ बांधले, दारं लावली, हे मान्य करतो.

झिजलेला टाक तळहातावर घेऊन पाच मिनिटं बसून बघा ताई. दुसरं काही करू नका.

शाडू_की_पीओपी

पेणच्या दादांना विचारायचं होतं, यंदा शाडूचे दर काय आहेत आणि पीओपीबद्दल तुमचं मत काय?

संपादक

शाडू-पीओपीसाठी वेगळा धागा आहे, तिकडे विचारा. इथे मूळ विषय चालू द्या.

ठसा

आमचं घराणं टाक घडवणारं, म्हणून कामापुरतं सांगतो. आमच्याकडे टाक ओतीव नसतो. पितळी ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवून ठोकायचा, उठाव आला की मागे तांब्याचा पत्रा बसवायचा. पत्रा पातळ, म्हणून उठाव आधी जातो. नाक पहिलं, मग गुडघा, मग घोड्याचं तोंड.

जुने टाक आटवू नका एवढी विनंती. चांदी किती निघणार? आणि आटवल्यावर त्यात कुणाचे हात होते ते कायमचं गेलं. माझे वडील गुळगुळीत टाक आटवायला कधीच घेत नसत. फक्त कडा सुटली असेल तर बसवून द्यायचे आणि मजुरी घ्यायचे नाहीत. नवा हवा असेल तर नव्या चांदीचा करा. तुमच्या दिरांची मुलं त्यावर घोडा बघतील, आणि पन्नास-साठ वर्षं घासतील. घासू द्या.

वारीतला

ठसादादा, रामकृष्णहरी. यापुढे कुणाला काही बोलायची गरज नाही खरं तर.

दगडफूल

मी सुरुवातीला "नवे करा" लिहिलं होतं. जुने ठेवा.

कृष्णाकाठची

सगळ्यांची उत्तरं दोन-दोनदा वाचली. कळवायला उशीर झाला कारण मध्ये सामान हलवत होतो.

परवा रात्री सोलापुरी कडक यांनी सांगितलं तसं टाक तळहातावर घेऊन बसले होते. आई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी नुसता हात पुढे केला. मी दोन्ही टाक त्यांच्या हातात दिले, कुठला कोणता ते सांगितलं नाही. त्यांनी अंगठ्याने एकेकाची कडा चाचपली आणि उजव्या हातातला पुढे करत म्हणाल्या, "ही जोगेश्वरी. हिच्या कडेला खाली बारीक चीर आहे, मी लग्न होऊन आले तेव्हापासून. आणि हा खंडोबा, याची पाठ जरा पोक आहे." मग म्हणाल्या, "मला तर सगळेच असे दिसतात आता. हे दोघं तेवढे हाताला दिसतात."

मी विचारलं, तुम्ही आलात तेव्हा यांच्यावर चेहरे होते का? तर म्हणाल्या, "जोगेश्वरीचं कपाळ होतं. खंडोबाचं मला आठवत नाही. माझ्या सासूबाईंना ठाऊक असेल."

दीर हे सगळं दारात उभे राहून ऐकत होते.

तर ठरलं ते असं. जुने दोन्ही टाक माझ्याकडे, आहेत तसे, फक्त जोगेश्वरीची कडा बसवून घेतली. दिरांच्या घरासाठी नव्या चांदीचे दोन, घोड्यासकट, नाकडोळ्यांसकट. चंपाषष्ठीला जुने आणि नवे सगळे घेऊन जेजुरीला देवाच्या भेटीला जाणार आहोत. आईंना गड चढवत नाही, त्यांच्यासाठी डोली सांगितली आहे. उंबरठा, रोयण, तुम्ही कुणी त्या बाजूला असाल तर या. भंडारा भरपूर घेतलाय.

उंबरठा

देवळात येणार नाही, पण पायथ्याशी चहाला नक्की येईन. आईंना भेटायचंय.

चिंचगुळ

नव्या टाकांना रांगोळी लावू नका हो.

कृष्णाकाठची

रिठा भिजत घातलाय, चिंचगुळ. उंबरठा, चहा आमच्याकडून. बारापर्यंत खाली उतरू.